पोस्टमन येऊन गेला असेल

(फ्रेंच शंका-समाधान : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं)

या खेपेच्या टपालात पाच पत्रं एकाच काळाबद्दल आली, म्हणून बाकीच्या शंका पुढच्या अंकावर ढकलते. फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिले आहेत. घशातला ‘र’ आणि ओठांचा चंबू करून म्हणायचा ‘यू’ आपल्या लिपीत बसत नाहीत, ते कानानेच शिकायचे. ‘जोरे’तला ‘ज’ मात्र मऊ, जवळपास ‘झ’सारखा म्हणा.

प्रश्न : मी मूळची सांगलीची. बँकेतून निवृत्त झाले आणि आता मुलीकडे लियोंला आले आहे. थोडं फ्रेंच शिकले आहे. परवा एक पार्सल यायचं होतं. शेजारच्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, “ल फाक्तर सरा पासे.” फाक्तर म्हणजे पोस्टमन आणि ‘सरा’ भविष्यकाळी, एवढं मला कळतं. म्हणून दुपारी चारपर्यंत खिडकीत बसून राहिले. तो आलाच नाही. खाली जाऊन पेटी उघडली, तर त्याची चिठ्ठी सकाळपासून पडलेली! आजींनी चुकीचं सांगितलं की मी चुकीचं ऐकलं?

उत्तर : ऐकलंत बरोबर, पण समजलात अर्धंच. आजी म्हणत होत्या, “पोस्टमन येऊन गेला असेल.” आता हे मराठी वाक्य पुन्हा वाचा. ‘असेल’ हे रूप भविष्यकाळाचं, पण येणं-जाणं कधीच उरकलेलं. सांगलीत कुणी असं म्हटलं असतं, तर तुम्ही चारपर्यंत बसला असता का? लगेच पेटी बघायला गेला असता.

या काळाचं नाव फ्युत्युर आंतेरियर. आंतेरियर म्हणजे अगोदरचा. शाळेतल्या मराठी व्याकरणातला पूर्ण भविष्यकाळ तो हाच. त्याची कामं दोन. एक सरळ : पुढच्या एखाद्या क्षणाच्या अगोदर गोष्ट पुरी झालेली असेल. “जोरे फिनी आव्हां मिदी”, म्हणजे बाराच्या आत माझं संपलेलं असेल. दुसरं काम अंदाजाचं. मुलगा वेळेवर आला नाही की फ्रेंच आई म्हणते, “इल ओरा राते सों ब्युस”, आणि आपली म्हणते, “बस चुकली असेल त्याची.” दोघींनी भविष्यकाळ वापरला, पण बोलल्या भूतकाळाबद्दल.

मराठीत आपण या दोन कामांत बारीक फरकही करतो. पुढचं सांगताना बहुधा ‘सुटलेली असेल’ म्हणतो आणि अंदाज करताना ‘सुटली असेल’. फ्रेंचला हा फरक नाही, तिथे संदर्भावरून ओळखायचं. तुमची चूक झाली ती वाक्य आधी इंग्रजीत नेऊन मग मराठीत आणल्यामुळे. मीही पहिली काही वर्षं तेच करत होते. मधलं स्टेशन गाळा.

प्रश्न : बाई, मी नाशिकला अकरावीत आहे. गाइडमध्ये या काळाचे सहा-सहा ओळींचे तक्ते आहेत आणि सर म्हणतात सगळे पाठ करा. शिवाय सहायक म्हणून ‘आव्ह्वार’ (जवळ असणं) कुठे आणि ‘एत्र’ (असणं) कुठे तेही लक्षात राहत नाही. काही युक्ती आहे का?

उत्तर : आहे. आधी तक्ता बंद कर आणि मोठ्याने म्हण : जोरे, त्यू ओरा, इल ओरा, नूझोरों, व्हूझोरे, इल्झोरों. किती आवाज ऐकू आले? तीनच : ओरे, ओरा, ओरों. एत्रचेही तीन : सरे, सरा, सरों. एवढं तोंडात बसलं की पुढे क्रियापदाचं भूतकाळी धातुसाधित जोडायचं आणि काम झालं. फिनी, पार्ले, मांजे, वांद्यू ही सरळ. फे, प्री, मी, व्यू, ल्यू, ऊव्हेर ही वाकडी, आणि पाठांतर करायचं ते या वाकड्यांचं. पासे कोंपोझे, म्हणजे रोजच्या बोलण्यातला भूतकाळ, तुला येत असेलच. त्यातलं ‘जे’ काढून ‘जोरे’ घालायचं, ‘स्वी’ काढून ‘सरे’ घालायचं. लिहिताना मात्र सहाही रूपांची शेवटची अक्षरं वेगळी असतात, ती दहा-दहा वेळा लिही. त्याला इलाज नाही.

(एक गंमत सांगून टाकते. फ्रेंच भविष्यकाळाचे प्रत्यय म्हणजे आव्ह्वारचीच वर्तमानकाळी रूपं, लॅटिनमध्ये मूळ क्रियापदाला चिकटलेली. त्यामुळे “जोरे यू”, म्हणजे ‘माझ्याजवळ असलेलं असेल’, यात आव्ह्वार तीनदा येतं. एकदा धातू म्हणून, एकदा प्रत्यय म्हणून आणि एकदा धातुसाधित म्हणून.)

आता आव्ह्वार की एत्र. मी वर्गात ‘ने’ची कसोटी सांगायचे. क्रियापद मराठीत आण, पण तो किंवा ती घेऊनच, कारण ‘मी’ला ‘ने’ लागलेला दिसत नाही. ‘त्याने लिहिलं, तिने विकलं, त्याने उघडलं’ : ‘ने’ लागला की आव्ह्वार. ‘तो गेला, आला, पोचला, निघाला, पडला, मेला, परतला’ : ‘ने’ नाही, आणि ही सगळी एत्रची मंडळी. एकच क्रियापद दोन्हीकडे असलं तरी कसोटी चालते. ‘ती बाहेर पडली असेल’ म्हणजे “एल सरा सोर्ती”. पण ‘तिने कुत्रा बाहेर काढला असेल’ झालं की “एल ओरा सोर्ती ल श्यां”. सोर्तिर तेच, सहायक बदललं.

कसोटीला भोकंही आहेत. ‘तो धावला, झोपला, हसला, बोलला’ यांना ‘ने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये आव्ह्वारच. ‘ती जिना चढली’ला ‘ने’ नाही, पण जिना हे कर्म आहे, म्हणून “एल ओरा मोंते लेस्कालिये”. उलट ‘त्याने हात धुतले’ला ‘ने’ आहे, तरी तिथे ‘स’वालं (‘स’ म्हणजे स्वतःला) क्रियापद येतं आणि ‘स’ आला की एत्र : “इल स सरा लावे ले मां”. आणि सगळ्यात जास्त गुण जातात ते एत्रला स्वतःला आव्ह्वार लागतं म्हणून : “जोरे एते”. ‘ज सरे एते’ असं कुणी लिहिलं की मी लाल पेन खाली ठेवून चहा मागवायचे.

लिंग-वचनाचंही इथेच सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. एत्र असेल तर धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं, जसं आपलं ‘तो गेला, ती गेली’. पुष्कळदा हे नुसतं लिहिण्यापुरतं असतं, पण कधी ऐकूही येतं : “इल सरा मोर”, “एल सरा मोर्त”. आव्ह्वार असेल तर बदल कर्माप्रमाणे, आणि तेही कर्म आधी येऊन गेलं असेल तरच. “जोरे एक्री ला लेत्र” यात चिठ्ठी नंतर आली, बदल नाही. “ला लेत्र क जोरे एक्रीत” यात आधी आली, म्हणून शेवटी ‘त’ वाजला. तिने पत्र लिहिलं, तिने चिठ्ठी लिहिली, असं म्हणत वाढलेल्या मुलीला यात नवल वाटू नये. आपण तर कर्म आधी की नंतर तेही बघत नाही. आधी-नंतरची ही अट सोळाव्या शतकात क्लेमां मारो नावाच्या कवीने इटालियनचा दाखला देत पद्यात सांगितली, आणि तेव्हापासून फ्रेंच पोरंही तिला वैतागतात.

प्रश्न : ‘काम संपलं की फोन करीन’ याचं फ्रेंच मी “कां जे फिनी, ज तापेलरे” असं केलं. मास्तरांनी खोडलं. मराठीत तर ‘संपलं’ भूतकाळीच आहे! (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : इथेच ग्यानबाची मेख आहे. वर मराठीचा हात धरा म्हणाले, इथे सोडा. आपण पुढच्या गोष्टीलाही ‘आटपलं की, आला की, झालं की’ म्हणतो. फ्रेंचला ते चालत नाही. फोन भविष्यात, मग त्याच्या अगोदर संपणारं कामही भविष्यातच : “कां जोरे फिनी, ज तापेलरे.” ‘दे क’ (लगेच) आणि ‘युन फ्वा क’ (एकदा का) यांनंतरही तसंच. फ्रेंच घरात रोज संध्याकाळी ऐकू येणारं वाक्य पाठ करा : “कां त्यू ओरा फिनी ते दव्वार, त्यू पुरा सोर्तिर.” गृहपाठ झाला की बाहेर जा.

पण ‘कां’च्या जागी ‘सी’, म्हणजे ‘जर’, आला की उलटं. तिथे भविष्यकाळाला मज्जाव, आणि तुम्ही लिहिलेलं “जे फिनी” तिथे बरोबर ठरतं : “सी जे फिनी आ सिझर, ज तापेलरे.” सहापर्यंत झालं तर. फ्रेंच शाळेत यावर एक कोटी करतात : ‘ले सी नेम पा ले रे’. ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही. ऐकायला मात्र ‘करवतींना पाकट मासे आवडत नाहीत’ असंही ऐकू येतं. मी तिकडे एका घरी राहत होते, तेव्हा जेवणाच्या टेबलावर “सी जोरे फिनी” म्हणाले. त्या घरातल्या सात वर्षांच्या मुलाने ही ओळ मला ऐकवली, तोंडातला घास न गिळता.

प्रश्न : फ्रेंच लेखात “लुई कातोर्झ ओरा रेन्ये स्वासांत-दूझ आं” असं वाचलं. चौदावा लुई मरून तीनशे वर्षं झाली. त्याचं राज्य भविष्यात कसं? (अभियंता, पिंपरी)

उत्तर : हा हिशेब मांडणारा भविष्यकाळ. लुई 1643 मध्ये चार वर्षांचा असताना गादीवर आला आणि 1715 मध्ये गेला. लिहिणारा त्या शेवटाशी उभा राहून मागे बघतो आणि गोळाबेरीज सांगतो : एकूण 72 वर्षं राज्य झालं. मोठ्या माणसाच्या मृत्युलेखात, संप मिटल्याच्या बातमीत, सामन्याच्या वृत्तान्तात हे रूप हटकून दिसतं. मराठीत इथे ‘असेल’ घालू नका, शंका घेतल्यासारखं वाटेल. ‘लुईने तब्बल 72 वर्षं राज्य केलं’ यातला ‘तब्बल’ ते काम करतो. आणि हो, फ्रेंच माणूस बहात्तरला ‘साठ-बारा’ म्हणतो, तेही त्या वाक्यात आहेच.

प्रश्न : ‘जोरे’ आणि शेवटी एस असलेलं ‘जोरे’ मला सारखीच ऐकू येतात. कान तपासून घेऊ का? (बारावी, सातारा)

उत्तर : कान ठीक आहेत. एसवालं रूप नीट म्हटलं तर ‘जोरॅ’कडे झुकतं, पण खुद्द फ्रान्समध्ये पुष्कळजण हा फरक करत नाहीत. तोंडी परीक्षेत निभावेल. लेखीत एस लागला की ‘माझं संपलेलं असेल’चं ‘माझं संपलं असतं’ होतं, आणि मग ते का नाही संपलं, हे विचारायला तपासणारा मोकळा.