बोलणाऱ्याचे हात गप्प का बसत नाहीत?

प्रश्न : फोनवर बोलतानाही माझे हात सारखे हलत असतात. घरचे हसतात. बघायला कोणी नसताना हे हातवारे कशासाठी?

उत्तर : हसू द्या. १९९८ मध्ये जाना आयव्हरसन आणि सुसान गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञांनी जन्मांध मुलांचे बोलणे तपासले. आयुष्यात कुणाचे हातवारे न पाहिलेली ही मुलेही बोलताना हात हलवत होती, आणि ऐकणारी व्यक्ती अंध असली तरी हलवत होती. म्हणजे हातवारे निव्वळ समोरच्याला दाखवण्यासाठी नसतात, आणि बघून बघून लागलेली सवयही नसते.

पण श्रोत्याचा काहीच संबंध नाही, असेही नाही. मानसशास्त्रज्ञ जॅनेट बॅव्हेलस यांनी लोकांना एका जुन्या घेरदार झग्याच्या चित्राचे वर्णन करायला लावले. समोरासमोर बोलणाऱ्यांनी तो झगा जणू स्वतःच्या अंगावर असावा तसा मोठ्या हातवाऱ्यांनी दाखवला. फोनवर हातवारे सुरूच राहिले, फक्त चित्राएवढे लहान झाले. एकट्याने टेपरेकॉर्डरसमोर बोलताना मात्र ते बरेच कमी झाले. दिसत नसले तरी पलीकडे कोणीतरी ऐकते आहे, एवढे हातांना पुरते.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. काही मुले चुकीचे उत्तर देतात, पण त्यांच्या हातांकडे पाहिले की वाटते, यांना बरोबर कळले आहे. हा माझा भास आहे का?

उत्तर : भास नाही. बारीक नजरेच्या शिक्षकांना हे दिसते, आणि यावर भरपूर काम झाले आहे.

उंच, निमुळत्या पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतायचे आणि विचारायचे, ‘आता पाणी तेवढेच आहे की कमी झाले?’ लहान मूल म्हणते, ‘कमी झाले, कारण हे भांडे बुटके आहे.’ मात्र हे सांगताना एखाद्याचे हात भांड्याची रुंदी दाखवत असतात. तोंड उंचीवर अडले आहे, पण रुंदीही मोजायला हवी हे हातांना उमगले आहे. संशोधक ब्रेकिन्रिज चर्च आणि गोल्डिन-मेडो यांनी १९८६ मध्ये अशा मुलांची नोंद केली. तोंड आणि हात वेगवेगळे सांगणाऱ्या या मुलांना तोच धडा शिकवला, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पुढे गेली. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, गोंधळलेले दिसणारे मूल बरेचदा उंबरठ्यावर उभे असते.

पुढे २००७ मध्ये गणिते सोडवताना मुलांना मुद्दाम हात वापरून सांगायला लावले. त्यांच्या हातांतून तोवर तोंडी न आलेल्या रीती बाहेर आल्या, आणि नंतरचा धडाही त्यांना अधिक लाभला. तेव्हा ‘नीट सांग’ याबरोबर ‘हाताने दाखवून सांग’ हेही म्हणून पाहा. आणि हाताची घडी घालायला लावून उत्तर विचारू नका.

प्रश्न : नातू अकरा महिन्यांचा आहे. बोलत नाही, नुसते बोट दाखवतो. लगेच वस्तू दिली तर बोलायचा आळस करेल का?

उत्तर : अजिबात नाही. बोट दाखवणे ही बोलण्याची पहिली पायरी आहे. मूल आधी ज्या वस्तूकडे बोट दाखवते, तिचे नाव पुढे त्याच्या तोंडी येते. चपलेकडे बोट दाखवून ‘बाबा’ म्हणाला, तर ते ‘बाबांची चप्पल’च आहे. दोन शब्दांची जोडी यानंतर येते. त्याने बोट दाखवले की त्या वस्तूचे नाव घ्या. काळजी उलट बाबतीत करावी. वर्ष झाले तरी बोट दाखवणे, टाटा करणे यांतले काहीच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : कर्णबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे सुधारलेले हातवारेच ना?

उत्तर : नाही. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोको यांनी १९६० मध्येच दाखवले की अमेरिकन सांकेतिक भाषेतले शब्द हाताचा आकार, जागा आणि हालचाल या ठरावीक घटकांपासून बनतात. सांकेतिक भाषांना स्वतःचे व्याकरणही असते. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की बोलणाऱ्याची वाचा जाते, तशी खुणांनी बोलणाऱ्याची भाषाही बिघडते. हातवाऱ्यांना असे व्याकरण नसते. गंमत म्हणजे सांकेतिक भाषा बोलणारेही मध्येमध्ये हातवारे करतात.

प्रश्न : मुलाखतीच्या प्रशिक्षणात हात मांडीवर स्थिर ठेवायला सांगितले. मला मग शब्दच सुचेनात.

उत्तर : मला हा सल्ला पटत नाही. २००१ मधल्या एका प्रयोगात लोकांना काही अक्षरे लक्षात ठेवून गणिताची रीत समजावून सांगायची होती. हात हलवू दिले तेव्हा त्यांना जास्त अक्षरे आठवली. हातवाऱ्यांनी डोक्यावरचा भार हलका होतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. तुम्ही हात बांधून ठेवले, तर ते बांधून ठेवण्याकडेही लक्ष द्यावे लागते, हे वेगळेच. पेनचे बटण टकटकवणे, अंगठी फिरवत बसणे यांना मात्र मी हातवारे म्हणत नाही. त्याबद्दल प्रशिक्षकांनी टोकले असेल, तर त्यांचे ऐका.