चेहरा निळा का, आणि ही गोधडीच का?

प्रश्न: ताई, माझी लेक न्यू जर्सीला असते, तिने बिसा बटलर नावाच्या अमेरिकन कलाकार बाईंच्या चित्रांचे फोटो पाठवले. मला पेंटिंगच वाटलं, ती म्हणते आई सगळं कापड आहे, रंगाचा थेंब नाही. खरंच का? आणि कृष्णवर्णीय माणसांचे चेहरे निळे-जांभळे का केलेत? मी स्वतः गोधड्या शिवते म्हणून विचारते.
– एक वाचक, सांगली

उत्तर: लेक बरोबर सांगतेय, नुसतं कापड आणि दोरा. तुम्ही गोधड्या शिवता म्हणजे तुम्हाला पटकन कळेल, खाली अस्तर, मधे भरण, वर तुकडे आणि तिन्हींतून आरपार टाके, गोधडीच की ही! फक्त तुकडे चौकोनी नसतात, गालावरचा उजेड एक तुकडा, हनुवटीखालची सावली दुसरा. बटलर जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो मोठा करून घेतात, उजेड-सावली आखतात, एकावर एक कापड लावत जातात आणि शेवटी मोठ्या क्विल्टिंग मशीनवर शिवतात, माणसं जवळपास खऱ्या उंचीची होतात.

आता निळा चेहरा. फोटोत कातडीचा रंग नसतोच, मग तो ठरवणार बटलरच. त्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत पेंटिंग शिकल्या, तिथे आफ्रिकोब्रा या कृष्णवर्णीय कलाकारांच्या गटातले लोक शिकवायचे, झगझगीत रंग ही त्या गटाची ओळख. म्हणून सावलीला निळा-जांभळा, उजेडाला गुलाबी, पिवळा, केशरी, म्हणजे माणसाचं मन रंगात दिसतं. कापडसुद्धा मिळेल ते नाही हं, वडील घानाचे, त्यामुळे केंटे (घानाचं रंगीत हातमागाचं कापड) असतं, पश्चिम आफ्रिकेतलं वॅक्स प्रिंट (भडक छापील सुती कापड) असतं, शिवाय रेशीम, मखमल, लेस. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, फोटोत साध्या कपड्यात उभा असलेला माणूस इथे सणासुदीला नटल्यासारखा दिसतो.

शिवण त्या आई आणि आजीकडून शिकल्या. पुढे एम.ए. करताना फायबर आर्टचा, म्हणजे कापड-दोऱ्यातल्या कलेचा, क्लास केला आणि त्यानंतर पहिलं पोर्ट्रेट केलं ते आजारी आजीसाठी, आजी शेवटच्या अंथरुणावर होती तेव्हा.

लेकीला म्हणावं जमलं तर हार्लेम हेलफायटर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांची क्विल्ट, म्हणजे गोधडी, बघ, २०२१ची, स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे. १९१९च्या फोटोतले नऊ सैनिक, पहिल्या महायुद्धातून परत आलेले. त्यांची रेजिमेंट ३६९वी इन्फन्ट्री, स्वतःच्याच देशाच्या गोऱ्या सैनिकांनी त्यांच्यासोबत लढायला नकार दिला म्हणून त्यांना फ्रेंच सैन्याच्या हाताखाली दिलं, तिथे १९१ दिवस आघाडीवर काढले आणि फ्रान्सने शौर्यपदक दिलं. त्यांचे युनिफॉर्म बटलरनी फुलाफुलांच्या, रंगीत कापडांचे केलेत. मी फोटोतच बघितलंय, तरी घसा दाटून आला.

आणि गोधडीच का, तर कृष्णवर्णीय बायकांच्या हातात ही कला गुलामीच्या काळापासून आहे. अमेरिकेतल्या जॉर्जियात १८३७ला गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सनी बायबलमधल्या गोष्टींची क्विल्ट केली, पैशांची नड आली तेव्हा ती विकायला काढली, १० डॉलर मागितले, मिळाले ५. आज तीच क्विल्ट स्मिथसोनियनमध्ये आहे.

जाता जाता एक, कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाज आहे, पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, बरेचसे पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. त्यांच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, कडेपासून सुरुवात करून गोल गोल फिरत मध्यापर्यंत, आणि चार कोपऱ्यांवर छोटी फुलं लावतात. तुम्ही तुमची गोधडी कुठून सुरू करता, कडेने की मधून? नक्की लिहून कळवा.