आरोग्याच्या नोंदी आणि सरकारवरचा भरवसा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: संशोधनासाठी माहिती देण्याआधी रुग्णांची नावं काढून टाकतो, असं आरोग्य खातं सांगतं. मग भीती कशाची?

नाव गेलं तरी माणूस ओळखता येतो. जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की बहुतेक वेळा एकच व्यक्ती उरते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं वगळून संशोधकांना दिल्या होत्या. संशोधक लटान्या स्वीनी यांनी १९९७च्या सुमारास केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि ती या नोंदींशी ताडून पाहिली. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा मतदार निघाले. त्यांपैकी पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या टपाल विभागातले फक्त वेल्ड.

ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य खात्याने २०१६ साली सुमारे १० टक्के नागरिकांच्या उपचार व औषधांच्या नोंदी खुल्या केल्या. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी डॉक्टरांचे सांकेतिक क्रमांक उलगडून दाखवल्यावर त्या घाईघाईने मागे घ्याव्या लागल्या. बाळंतपणाच्या तारखांसारखी जाहीर माहिती हाताशी असली, तर रुग्णही ओळखता येतो, हे त्याच गटाने पुढच्या वर्षी सिद्ध केलं.

म्हणून खात्याला नेमकं विचारा. जन्मतारखेऐवजी पाच वर्षांचा वयोगट दिला आहे का? तारखा सरकवल्या आहेत का? एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी, पण प्रत्येक रुग्णाच्या वेगवेगळ्या दिवसांनी पुढेमागे कराव्या लागतात. त्यामुळे शस्त्रक्रिया आणि नंतरचा ताप यांतलं अंतर अभ्यासासाठी टिकून राहतं, खरी तारीख मात्र कळत नाही. तक्त्यात पाचापेक्षा कमी माणसांचे आकडे झाकण्याची पद्धत आहे, पण शेजारी एकूण बेरीज उघडी ठेवली तर वजाबाकी करून झाकलेला आकडा काढता येतो. तिथे आणखी एखादा आकडा झाकावाच लागतो, आणि नेमकं हेच वारंवार राहून जातं.

मोबाइल क्रमांकाचं ‘हॅश’ केलं आहे, म्हणजे ठरावीक गणिती पद्धतीने त्याचा सांकेतिक मजकूर केला आहे, या उत्तरावरही थांबू नका. दहा अंकी क्रमांक फार तर एक हजार कोटी होतात. गुप्त किल्ली न वापरता केलेलं साधं हॅश असेल, तर साऱ्या शक्यता तपासायला संगणकाला फार वेळ लागत नाही. किल्ली वापरली असेल तर ती कोणाच्या ताब्यात आहे, हा पुढचा प्रश्न. माहिती घेणाऱ्याकडेच किल्ली असेल तर सगळा खटाटोप वाया.

सर्वांत भरवशाची वाट म्हणजे माहिती कुणाच्या हाती द्यायचीच नाही. संशोधकाने बंदिस्त, सुरक्षित यंत्रणेत येऊन काम करावं आणि तपासलेले तक्ते तेवढे बाहेर न्यावेत.

प्रश्न: ‘नको असेल तर कळवा, नाहीतर तुमची संमती धरू’ ही पद्धत चालेल का?

उपचारांसाठी चालू शकते, पण लोकांना खरोखर कळलं असेल तरच. रुग्णांच्या नोंदी एकत्र करून संशोधनासाठी वापरण्याच्या इंग्लंडच्या ‘केअर डॉट डेटा’ योजनेत २०१४च्या सुरुवातीला घरोघरी पत्रकं गेली. अनेकांना ती मिळालीच नाहीत, आणि ज्यांना मिळाली त्यांना नकार कसा द्यायचा हे धड समजलं नाही. फेब्रुवारीत योजना थांबवावी लागली आणि जुलै २०१६मध्ये ती बंदच झाली. हेतू वाईट नव्हता. रोगांच्या अभ्यासासाठी ती माहिती मोलाचीच ठरली असती, म्हणून हे नुकसान जास्त लागतं.

ऑस्ट्रेलियात ‘माय हेल्थ रेकॉर्ड’ या सरकारी डिजिटल आरोग्य-नोंदीच्या योजनेतून जानेवारी २०१९च्या मुदतीपर्यंत २५ लाखांवर लोक बाहेर पडले. त्याआधी लोकांच्या रेट्यामुळे कायदा बदलून दोन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या: न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना नोंद मिळणार नाही, आणि नोंद पुसली की ती कायमची पुसली जाईल. या तरतुदी सुरुवातीपासून असत्या तर इतकी माणसं दुरावली नसती, असं आमचं मत आहे.

उपचार, संशोधन आणि विमा यांना एकाच सहीने संमती मागितली असेल, तर सही करण्याआधी तिन्ही वेगळे करून मागा.

प्रश्न: पोलीस किंवा दुसरं सरकारी खातं ही माहिती घेऊ शकतं का?

ते तुमच्या देशाच्या कायद्यावर ठरतं. मंत्र्याच्या आश्वासनावर विसंबू नका. सिंगापूरमध्ये ‘ट्रेस टुगेदर’ या सरकारी ॲपची माहिती फक्त कोरोना संपर्क शोधण्यासाठी वापरू, असं सांगितलं होतं. पोलिसही ती मागू शकतात, हे जानेवारी २०२१मध्ये संसदेत उघड झालं. लोक संतापले आणि पुढच्याच महिन्यात हा वापर गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरता मर्यादित करणारा कायदा आला. ब्रिटनमध्ये रुग्णांचे पत्ते स्थलांतर विभागाला देण्याचा करार होता. स्थलांतरित दवाखान्यात यायला घाबरू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१८मध्ये तो बहुतांशी थांबवावा लागला. संसर्गजन्य आजाराचा रुग्ण भीतीपोटी घरी बसला, तर त्याची किंमत सगळ्यांनाच मोजावी लागते.

प्रश्न: मग डॉक्टरांपासून काही गोष्टी लपवाव्यात का?

नाही. चालू औषधं, गर्भधारणा, व्यसन, ॲलर्जी यांतलं काहीही लपवलं तर उपचारच जिवावर बेतू शकतो. सगळं सांगा, आणि नोंदीचा तो भाग मर्यादित लोकांनाच दिसेल असं करता येईल का, ते विचारा. मानसिक आजार, एचआयव्ही, गर्भपात यांसाठी काही प्रणालींमध्ये ही सोय असते.

प्रश्न: माझी नोंद कोणी उघडली, हे मला कळेल का?

कळायला हवं. एस्टोनियात रुग्णाला ही यादी संकेतस्थळावर स्वतः पाहता येते. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर विशिष्ट कालावधी नमूद करून लेखी मागणी करा आणि पोच घ्या. यादीत कोणी, कोणत्या पदावरून, केव्हा आणि कशासाठी नोंद पाहिली, हे चारही तपशील हवेत. तुम्ही दवाखान्यात गेलाच नव्हता त्या दिवसांच्या नोंदी आधी पाहा. मग कारणाच्या जागी नुसतं ‘इतर’ लिहिलेल्या पाहा.

व्यक्तीऐवजी ‘वॉर्ड ३’ असं खातं दिसलं, तर तिथे सगळे एकच पासवर्ड वापरत असण्याची शक्यता आहे. अशा यादीवरून काहीच सिद्ध होत नाही. यामागे बहुधा हलगर्जीपणा नसतो. प्रत्येक वेळी लॉगिनला मिनिटभर लागत असेल, तर धावपळीतली परिचारिका उघडं खातंच वापरणार. कार्ड टेकवताच काही सेकंदांत उघडणारी प्रणाली द्यायला हवी. रुग्ण बेशुद्ध असताना नोंद तातडीने उघडण्याची मुभाही हवीच, फक्त कारण लिहिणं सक्तीचं असावं आणि नंतर दुसऱ्या कुणीतरी ते तपासावं.

प्रश्न: माहिती चोरीला गेली तर काय करायचं?

पासवर्ड बदलता येतो, निदान बदलता येत नाही. फिनलंडमधल्या ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरणाऱ्याने २०२०मध्ये थेट रुग्णांकडेच खंडणी मागितली. अशी धमकी आल्यास पैसे देऊ नका. संदेश न पुसता जपून ठेवा आणि पोलीस व माहिती संरक्षण यंत्रणा, दोघांकडे तक्रार करा. विम्याच्या दाव्यांची यादी मागवून न घेतलेले उपचार त्यात आहेत का ते तपासा. तुमच्या आजाराचा नेमका उल्लेख करून कुणी फोन केला, तर तो ठेवून द्या आणि रुग्णालयाच्या जाहीर क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करा.

सरकारकडून मात्र सगळा तपशील मागा. सिंगापूरमध्ये २०१८च्या जून-जुलैत १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, त्यात पंतप्रधानही होते. २० जुलैला ते जाहीर झालं, चौकशी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल जानेवारी २०१९मध्ये लोकांसमोर ठेवला गेला. कोणती माहिती, किती जणांची, कोणत्या त्रुटीमुळे गेली आणि ती त्रुटी कधीपर्यंत दूर होईल, एवढं तुमच्या देशातही जाहीर व्हायला हवं.