कॉम्प्युटरवर विज्ञान शिकवताना ॲनिमेशन किती वापरावं?

तुम्ही सातवीसाठी विज्ञानाचे धडे कॉम्प्युटरवर बनवताय आणि विचारलंय की प्रत्येक स्लाइडला ॲनिमेशन टाकू का. मी शाळेत विज्ञान शिकवते, माझं मत सांगते, जिथे मुद्दाच हालचालीचा किंवा बदलाचा आहे तिथेच टाका, बाकी ठिकाणी स्वच्छ, नावं दिलेलं चित्र पुरतं. फुलाचे भाग दाखवताना पाकळ्या उडत आल्या तर मुलं पाकळ्याच बघत बसतात आणि पुंकेसर कुठला ते राहूनच जातं.

करंटचं मात्र वेगळं आहे. बऱ्याच मुलांना वाटतं की सेलमधून करंट निघतो, बल्बमध्ये थोडा खर्च होतो आणि उरलेला परत येतो. फळ्यावर कितीही बाण काढा, हे डोक्यातून जात नाही. यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) ही सिम्युलेशनची, म्हणजे स्क्रीनवर मुलांनी स्वतः बदल करून बघायच्या प्रयोगांची, वेबसाइट वापरा, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, फुकट आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत. त्यातल्या सर्किटवाल्यात इलेक्ट्रॉन म्हणजे निळे ठिपके वायरमधून सरकताना दिसतात, बल्बच्या आधी जेवढा वेग तेवढाच नंतरही. मग त्याच्याशी एकसर जोडणीत, म्हणजे त्याच वायरवर एकामागे एक, तसाच दुसरा बल्ब लावायला सांगा, पण लावायच्या आधी काय होईल ते प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या, ही पायरी अजिबात सोडू नका. बरेच जण लिहितात की पहिला तसाच राहील आणि दुसरा मंद पेटेल. प्रत्यक्षात सगळीकडचे ठिपके एकदम हळू होतात आणि दोन्ही बल्ब सारखेच मंद! मग वर्गात जो वाद सुरू होतो तो होऊ द्या, लगेच उत्तर सांगू नका. फक्त एवढं सांगा की खरे इलेक्ट्रॉन असे दिसत नाहीत, वायरमध्ये ते अफाट संख्येने असतात.

आवाज देणार असाल तर बोलताय तीच वाक्यं स्क्रीनवर लिहू नका. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं मल्टिमीडिया शिक्षणावरचं संशोधन हेच सांगतं, डोळे चित्र बघणार की अक्षरं वाचणार, दोन्ही एकदम होत नाही. शब्द नवीन असेल तर तेवढाच लिहा. आणि लांब ॲनिमेशनचे तुकडे करून 'पुढे'चं बटण मुलांच्या हातात द्या, सलग चाललं की मधलं निसटतं आणि कोणी विचारतही नाही.

शाळेत नेट नसेल तर फेटची नवी सिम्युलेशन आधीच डाउनलोड करून ठेवा, ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात.