आफ्रिका शोधू नका, डर्बन शोधा

प्रश्न : मी पुण्यात क्लबमध्ये वाजवतो, मुख्यतः टेक्नो. सर्चमध्ये 'आफ्रिकन' टाकलं की जंगलातले आवाज नाहीतर गुळगुळीत अफ्रो हाऊस येतं. खरा जोरकस माल कुठे असतो?

आधी तो 'आफ्रिकन' शब्द काढून टाका. 'आशियाई संगीत' असं शोधून कुणाला लावणी सापडणार आहे? शहराचं नाव टाका.

टेक्नोवाल्याने दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनपासून सुरुवात करावी. तिथल्या टाउनशिपमधल्या (कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या) पोरांनी २०१० नंतरच्या काही वर्षांत घरच्या कॉम्प्युटरवर, एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर जे घडवलं, ते 'गोम'. स्पेलिंग जी-क्यू-ओ-एम, झुलूत तो 'क्यू' जीभ टाळूवरून चटकन सोडून म्हणतात. ट्रॅक व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरले आणि मिनीबस टॅक्सीत वाजले. डीजे लॅग, रूडबॉइझ, ग्रिफिट व्हिगो ही नावं लिहून ठेवा. लॅगने पुढे २०१९ मध्ये बियॉन्सेच्या अल्बमसाठीही काम केलं, पण तुम्ही त्याचं २०१६ चं पहिलं ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आधी ऐका.

गोममध्ये चारही मात्रांवर पडणारा किक (बेस ड्रमचा ठोका) बहुधा नसतोच. तो तुटक पडतो, मध्ये भोक ठेवतो. कान सम शोधत राहतो नि पाय तोवर हललेले असतात. मागे एखादा अंधारा, ताणलेला सूर, वर कुणाची तरी तुटक आरोळी, बस. टेक्नोच्या गर्दीला हा काळोख लगेच पटतो.

प्रश्न : सिंगेली २०० बीपीएमच्या (मिनिटाला इतके ठोके) वर जातं म्हणे. ते सेटमध्ये बसवायचं कसं?

जातं, आणि कधी ३०० लाही टेकतं. सिंगेली टांझानियातल्या दार-एस-सलामचं. तारब या तिथल्या जुन्या संगीताच्या गाण्याचा तुकडा कापायचा, लूप करायचा, वेग वाढवत न्यायचा आणि त्यावर एमसीने स्वाहिलीत श्वास न घेता बोलायचं. ढोलताशा पथकात वाढलेल्या कानाला ती ताशाची तर्रीच वाटेल, फक्त थांबायचं नाव न घेणारी.

पहिल्यांदा मी गोव्यात रात्री एक वाजता १२६ वरून थेट २२० वर उडी मारली. फ्लोअर रिकामा झाला, बारवाल्याचा धंदा मात्र छान झाला. चूक सिंगेलीची नव्हती. २२० चे निम्मे ११०, आणि ११० ते ११५ हा तर अमापियानोचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्याच संथ हाऊसचा, मुक्काम. म्हणजे आधी अमापियानोवर या, त्याची खूण असलेला लॉग ड्रमचा बेस घुमू द्या, मग त्याच्याच अंगावर सिंगेलीचा लूप चढवा. लोक आधी निम्म्या वेगात डुलतात, मग ज्याची हिंमत होईल तो दुप्पट नाचतो. दोन ट्रॅक, फार तर तीन. पूर्ण तासभर सिंगेली वाजवायचं तर गर्दी ते ऐकायलाच आलेली हवी.

सॉफ्टवेअर २२० ला बऱ्याचदा ११० दाखवतं, घाबरू नका. गोमची ग्रिड (मात्रांच्या खुणा) मात्र हाताने लावा. किक विस्कटलेला असल्याने मशीन पहिली मात्रा भलतीकडेच धरतं.

प्रश्न : गोमवरून कुडुरोवर जाता येतं का? मध्ये फट फार वाटते.

येतं. गोम १२५ च्या आसपास, अंगोलातल्या लुआंडाचं नाचाचं संगीत कुडुरो १४० च्या. गोमचा वेग ४ टक्के वर, कुडुरोचा ७ टक्के खाली, दोघं १३० वर भेटतात. आठ मात्रांचा लूप धरून बेस अदलाबदल करा, मग पिच (वेगाची पट्टी) हळूहळू सोडत १४० वर या. कुडुरो नव्वदच्या दशकातलं, टोनी अमाडोच्या नावाशी जोडलेलं. त्याची लिस्बनच्या वस्त्यांमधली पुढची पिढी मला जास्त भावते: डीजे मार्फॉक्स आणि प्रिन्सिपे या लेबलचे लोक. वाकडं, खडबडीत, भन्नाट.

प्रश्न : ट्रॅक विकत कुठे घ्यायचे? यूट्यूबवरून काढले तर चालतं?

नाही चालत. घरच्या हेडफोनवर फरक कळत नाही, पण क्लबच्या सबवूफरवर कळतो. गोमचे सुरुवातीचे ट्रॅक व्हॉट्सअ‍ॅपमधून पिळून निघालेले आहेत. त्यांचीच आणखी एक नक्कल केली तर हाय-हॅट पत्र्यासारखे वाजतात. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर जा. युगांडातल्या कंपालाचं न्येगे न्येगे टेप्स हे लेबल तिथे आहे. सिंगेलीसाठी त्यांचं २०१७ चं 'साउंड्स ऑफ सिस्सो' घ्या, मालीतल्या बामाकोच्या बालानी या नाचाच्या संगीतासाठी डीजे डियाकी. दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपोचं शांगान इलेक्ट्रोही चाखून बघा: मारिंबाची (लाकडी पट्ट्यांच्या वाद्याची) पळापळ, बेस जवळजवळ नाहीच. आपल्या क्लबात ते रिकामं वाटेल, म्हणून खाली एखादा सब, म्हणजे खोल बेस, ठेवा.

प्रश्न : शब्द कळत नाहीत. कुठे काही भलतं वाजवलं तर?

मला स्वतःला 'हे चालेल का' असं एकदा एका झुलू बोलणाऱ्याला विचारावं लागलं होतं. तो हसला आणि म्हणाला, गाण्यात बाई फक्त दाराशी उभं राहून टॅक्सीची वाट बघतेय. विचारा. लोक सांगतात.