प्रश्न वाचकांचे : संगणक बंद पडतो, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी का?

प्रश्न : माझ्या संगणकावर विंडोज आहे. गेले दोन महिने तो आठवड्यातून एकदा-दोनदा काम चालू असतानाच बंद पडतो, आपोआप पुन्हा सुरू होतो आणि सेव्ह न केलेला मजकूर जातो. एक सहकारी म्हणतात, विंडोजचे हे असेच, मॅक घ्या. दुसरे म्हणतात, याच संगणकावर लिनक्स टाका. खरोखर स्थिर कोणती, आणि याबाबत लोकांच्या आवडी इतक्या टोकाच्या का असतात?

उत्तर : ‘विंडोजचे हे असेच’ हे मत पंचवीस वर्षांपूर्वी खरे होते, आणि तेव्हाच्या मॅकलाही ते तितकेच लागू होते. विंडोज 95 आणि 98 यांच्या पोटात डॉस ही मायक्रोसॉफ्टची त्याआधीची जुनी सिस्टीम होती आणि एका प्रोग्रामची चूक सगळा संगणक घेऊन बसे. सुरू झाल्यापासूनचा वेळ मिलिसेकंदांत मोजणारा त्यांतला गणक 32 बिटांचा होता. त्यात सुमारे 429 कोटींपर्यंतचाच आकडा मावत असल्यामुळे 49 दिवस 17 तासांनी तो शून्यावर येई आणि संगणक थिजे. अर्थात, विंडोज 98 इतके दिवस न अडखळता चालवून दाखवणारा मनुष्य विरळाच, त्यामुळे हा दोष फारशा कोणाच्या वाट्याला आला नसावा!

2001 साली चित्र पालटले. मार्चमध्ये युनिक्स या जुन्या, मुरलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पायावर उभी असलेली मॅक ओएस टेन आली आणि ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपीने एनटीचा, म्हणजे कार्यालयांसाठीच्या विंडोजचा, भक्कम गाभा घरगुती संगणकांत आणला. लिनक्सची घडण तर 1991 पासूनच युनिक्सच्या धर्तीची. त्यामुळे आज तिन्हींत प्रत्येक प्रोग्रामची मेमरी वेगळी राखली जाते. ब्राउझर हँग झाला तर ब्राउझरच बंद करावा लागतो.

तरीही संपूर्ण संगणक कोसळतो, तेव्हा कारण बहुधा सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालणारा एखादा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) किंवा यंत्राचाच एखादा भाग असतो. 19 जुलै 2024 रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, ते असेच. त्या सॉफ्टवेअरचा एक भाग कर्नलमध्ये चालत होता. ॲपलने 2019 पासून इतरांच्या सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर काढायला सुरुवात केली आहे. शिवाय यंत्र आणि सिस्टीम एकाच कंपनीची असल्याने तिला मोजकेच भाग सांभाळावे लागतात, आणि मॅकच्या स्थिरतेचे निम्मे श्रेय मी या मर्यादित निवडीला देईन. लिनक्सबद्दल सरसकट बोलता येत नाही, कारण त्याचे अनेक अवतार आहेत : त्यांपैकी डेबियनची ‘स्टेबल’ आवृत्ती मुद्दाम जुने, पारखलेले सॉफ्टवेअर घेऊन चालते, तर आर्चमध्ये नवे ते सतत येत राहते. सर्व्हरवर महिनोन्महिने चालणारे लिनक्स एखाद्या लॅपटॉपवर झाकण मिटून उघडताच अडते, तेव्हाही दोष बहुधा ड्रायव्हरकडेच जातो.

म्हणून आधी आपल्या संगणकाची नोंदवही पाहा. विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ रोजच्या स्थिरतेला 1 ते 10 असा अंक देतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल खूण करतो. पहिली लाल खूण एखाद्या ड्रायव्हरच्या अपडेटनंतर लगेच दिसत असेल, तर तो ड्रायव्हर मागे घेऊन पाहावा. त्यानंतर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल पॉवर’ची 41 क्रमांकाची नोंद उघडा. तीत ‘बगचेक कोड’ (चुकीचा सांकेतिक क्रमांक) शून्य असेल, तर विंडोजला चूक नोंदवण्याइतकीही उसंत मिळाली नाही असे समजावे, आणि संशय वीजपुरवठा किंवा तापमानावर घ्यावा. तसे असेल, तर कोणतीही सिस्टीम टाकली तरी संगणक बंद पडतच राहील.

आवडीचे म्हणाल, तर तिचा स्थिरतेशी संबंध थोडा आणि हाताच्या सवयीशी जास्त. कंट्रोल दाबणाऱ्या करंगळीला मॅकवर कमांडसाठी अंगठा वापरायला शिकावे लागते, खिडकी बंद करण्याचे बटण उजवीकडून डावीकडे जाते, आणि या बारीकसारीक चिडचिडीलाच लोक ‘सिस्टीम वाईट’ म्हणतात. बदलायला सबळ कारणेही असतात, हे खरे. विंडोज 10 ला मिळणारी नियमित अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय यंत्रातच असावी लागते, जुन्या यंत्रात ते नसेल, तर लिनक्स हा उत्तम पर्याय आहे. मात्र आपले काम फोटोशॉपवर अवलंबून असेल, तर ते लिनक्ससाठी निघतच नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

आपल्या दुसऱ्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याचा एक उपयोग मात्र आजच करता येईल. उबुंटू हा लिनक्सचा अवतार पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता चालवता येतो. आठवडाभर तसे काम करून पाहा, फक्त लिखाण दुसऱ्या पेनड्राइव्हवर सेव्ह करत राहा. त्या काळातही संगणक तसाच बंद पडला, तर सिस्टीम न बदलता यंत्र दुरुस्तीला द्यावे.