बाटेबा : मूर्ती, राखणदार की पाईक?

प्रश्न असा आहे : बुर्किना फासोच्या नैर्ऋत्येला, घाना आणि कोत दिव्वारच्या सीमेलगत राहणाऱ्या लोबी लोकांच्या घरांत ‘बाटेबा’ नावाच्या लाकडी आकृत्या असतात. त्यांना मराठीत काय म्हणावं? मूर्ती, टाक की राखणदार?

‘मूर्ती’ला माझा पहिला आक्षेप. मूर्ती म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कुणाची?’ बाटेबा तर थिलचंही रूप नव्हे. थिल (अनेकवचन थिला) ही लोबींची अदृश्य दैवतं. अमुक तऱ्हेचा बाटेबा कोरून घे, असा थिलचा हुकूम कौलातून कळतो. कौल घेणारा आणि विचारणारा एकमेकांचा हात धरून बसतात, प्रश्नामागून प्रश्न होतात आणि धरलेला हात कसा हलतो, यावरून हो की नाही ते ठरतं. (‘कौल’ हा शब्द मात्र इथे चपखल बसतो.) बाटेबा थिलच्या ठाण्यावर बसला की तो जिवंत : बघतो, हलतो, चेटूक करणाऱ्यांशी झुंजतो. थिलनं सांगायचं, बाटेबानं करायचं.

म्हणूनच ‘राखणदार’ही फसवा. कोकणात राखणदार म्हणजे ती अदृश्य शक्तीच. द्यायचाच तर तो शब्द थिलला द्या. टाक धातूचे, शिवाय ते कुलदैवतांचे नि पूर्वजांचे, म्हणजे पुन्हा ‘कुणाचे तरी’च.

मला ‘पाईक’ जवळचा वाटतो. भक्त या अर्थी नव्हे, हुकमाचा शिपाई या जुन्या अर्थी. एक बाटेबा हात आडवे पसरून संकटाची वाट अडवतो. ‘यादावोरा’ नावाचा दुसरा उदास चेहऱ्याचा. घरधन्यानं शोक करायची वेळ येऊ नये म्हणून त्याच्या वाटचा शोक हा करतो. इतकं काम आपण कुठल्या पाईकाला सांगितलं नसेल, पण नातं तेच. तरी लेखात मूळ शब्दच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला ‘थिलचा लाकडी पाईक’ एवढं जोडावं.

राहिलं लिंग. शेवटच्या ‘बा’मुळे म्हसोबा-विठोबा आठवतात, पण तो निव्वळ योगायोग. बाटेबा पुरुषाकृती असतात तसे स्त्रीरूपही. मी सरसकट ‘तो’ लिहिलं; समोरची आकृती बाईची असेल तर ‘ती बाटेबा’ लिहायला काहीच हरकत नाही.